मनोऱ्यावरचा चौथा आवाज

लिंडेनटाल, ३ ऑगस्ट १७८४

चि. ट्राउगोट यास गॉटहेल्फदादाचे अनेक आशीर्वाद.

मनोऱ्यावर वाजवणाऱ्या घरात जन्मलेल्या भावा, आपल्या सगळ्यांचा अपमान झाला आहे. रोज सकाळी दहाला चर्चच्या मनोऱ्यावरून आपण गावाला चार आवाजांत भजन ऐकवतो, ते आता म्हणे अडगळ! नगरसभा म्हणते, काळ बदलला. शिवाय तुम्ही चौघांतले तिघेच वाजवता. एकोणतीस सप्टेंबरला, मायकेलच्या सणाला, चौथा आवाज आला नाही, तर मनोऱ्याला कुलूप.

तू व्हिएन्नाला गेल्यापासून तुझी चौथ्या, वरच्या आवाजाची चाल आम्ही रिकामीच ठेवली आहे. तुझा वाकडा लाकडी पावा खुंटीवर आहे. त्याला तेल मीच लावतो. वहिनी विचारते, तिथे राय धान्याची काळी भाकरी मिळते का?

तुझी वाट पाहणारा,
गॉटहेल्फ

व्हिएन्ना, १८ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

रागावू नकोस, पण आजोबांचे युग संपले. तुमच्या भजनात चौघेही एकदम बोलतात, जेवायला बसलेल्या आपल्या मावश्यांसारखे! इथे एक जण गातो, बाकीचे माना डोलावतात. मी सरदारांच्या बागेत क्लॅरिनेट वाजवतो. आपला पावा म्हणजे सर्दी झालेली बकरी. माझी जागा कशाला अडवलीस? दुसरा कुणी धर.

खरे सांगू? परवा एकाचा पावा मागून घेतला. फुंकच लागेना, ओठांची सवय गेली. दहाचे टोले पडले की बोटे मात्र अजून हलतात.

वहिनीला सांग, भाकरी मिळते, पण आपल्यासारखी आंबट नाही.

माया कमी करू नकोस.
ट्राउगोट

लिंडेनटाल, २ सप्टेंबर

चि. ट्राउगोट यास अनेक आशीर्वाद.

बकरीचे वाचून हसलो. पुढचे वाचून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

दुसरा का धरला नाही? आम्ही तिघे ट्रॉम्बोन फुंकतो आणि खाली बाजारात मासळीवाली सबीना तुझी चाल गुणगुणते; मग पाववाला, मग घोड्यांना पाणी पाजणारे. तुझी जागा गाव भरते आहे. नगरसभेला ते ऐकू जात नाही, तिच्या खिडक्या बंद असतात. दुसरा आणला असता, तर हे सारे गप्प झाले असते. आणि तू कायमचा गेलास, हे मला मान्य करावे लागले असते.

युगांचे भांडण मी सोडले. पावा राहू दे खुंटीवर, तुझे क्लॅरिनेटच आण. आजोबा थडग्यात कूस बदलतील, बदलू देत!

लोभ पत्रातून पुष्कळ झाला. एकोणतीस सप्टेंबरला, दहाचे टोले पडण्याआधी, मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर ये.

गॉटहेल्फ