खाडीकाठच्या सोल्यान भाषेची वाटणी

मी, जिवाजी धोंडदेव टिपणीस, वय एकसष्ट, पूर्वी कलेक्टर कचेरीत कारकून, हल्ली आराम, राहणार नौपाडा, ठाणे, हा कागद राजीखुशीने लिहवून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हे वाक्य इतर लोक रिवाज म्हणून घालतात, मी मुद्दाम घालतो, कारण माझा पुतण्या चिरंजीव परशुराम याने आळीभर सांगितले आहे की काकांना वेड लागले. मी वेडा ठरलो तर हा कागद रद्द, घर परशुरामाचे, आणि माझी बायको आवडाबाई त्याच्या मर्जीवर. म्हणून आधी वेडाचा खुलासा, मग वाटणी.

कलम पहिले. रेल्वेच्या पुलाच्या कामावर युरोपातल्या बोहेमियाकडचा यान नावाचा मिस्त्री आला होता. तो माझा मित्र अल्फान्सो परेरा याच्या पडवीत राही. संध्याकाळी भाजलेल्या बोंबलांबरोबर आम्ही त्याचे शब्द चाखत असू. आमचे नभ, त्याचे नेबे. आमचा मधु, त्याचा मेद. त्याने वोदा मागितले की माझ्या कानाला उदक ऐकू येई. पुढे यान मायदेशी गेला आणि आम्ही दोघे हळहळत बसलो. तेव्हा अल्फान्सोने तोडगा काढला. समजा, फार पूर्वी यानच्या लोकांची एक टोळी वाट चुकून आपल्या खाडीवर आली आणि मिठागरे पाहून इथेच राहिली, तर ती आज कशी बोलली असती? मीठ म्हणजे सोल, म्हणून ते लोक सोल्यान. त्यांची भाषा आम्ही दोघांनी रचली. आपला ज त्यांच्या तोंडी झ होतो: जीव तो झिव. थंडीच्या मुलखातून आलेल्यांना चिखलातली निवटी ही मासळी कुठून ठाऊक असणार, तेव्हा तो शब्द त्यांनी आपल्या कोळणींकडून उचलला आणि निव्त्का केला. यात वेड कोणते? लोक रिकामपणी याहून वाईट उद्योग करतात.

कलम दुसरे, आवडाबाईविषयी. लग्न झाल्यापासून तिने मला ‘अहो’ किंवा ‘ऐकलं का’ म्हणावे, नाहीतर बांगड्या वाजवाव्यात. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते सणासुदीला उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. सोल्यान भाषेत माझे नाव झिव्को होते, हे तिने चुलीपाशी बसून ऐकले. भाकरी उलटून ती म्हणाली, “ते नाव आपल्यातलं नाही. मग मी घेतलं तर काय बिघडलं?”

काहीच बिघडले नाही. त्या दिवसापासून ती मागच्या दारातून खणखणीत हाक मारते. पहिली हाक मी ऐकून न ऐकल्यासारखी करतो, म्हणजे दुसरी मिळते. इतके सुख मला कशानेच झालेले नाही, हे इथे नमूद असावे. आता तिला ती भाषा माझ्याहून चांगली येते.

शेजाऱ्यांची समजूत अशी झाली की आवडाबाईने मांजर पाळले आहे आणि त्याचे नाव झिव्को. बायको नवऱ्याला नावाने हाक मारील ही शंका नौपाड्यात कोणाच्या मनाला शिवणार? परशुरामाने ओटीवर सर्वांदेखत मला सुनावले, “काका, काकू मांजराला बोलावते आणि तुम्ही उठून जाता.” तो गुरुदत्त वैद्यांना घेऊन आला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, दोन लाडू खाल्ले, तेवढ्यात आतून हाक आली आणि मी उठलो. ते हसले आणि तिसरा लाडू मागितला.

कलम तिसरे. घर स्वकष्टाचे आहे. ते, परसातल्या फणसासह, आवडाबाईला. गाठीची रक्कमही तिलाच. माझी छत्री परशुरामाला. ती तो गेली दोन वर्षे उसनी म्हणून वापरतोच आहे.

कलम चौथे. लांडग्याला यान व्ल्क म्हणे. मधे स्वर नसलेला शब्द घशात अडकतो, म्हणून मी वोल्क करा म्हटले. अल्फान्सो म्हणाला, तुमच्या पोथीत वृक चालतो तर माझा व्ल्क का नको? यावरून आमचा अख्खा उन्हाळा अबोला होता. माझ्या हयातीत मी हार मानणार नाही. मात्र मी डोळे मिटल्या क्षणापासून व्ल्क बरोबर.

कलम पाचवे. सोल्यान भाषा मी परशुरामाची बायको सौभाग्यवती शालू हिला देतो. ती रोज दुपारी येऊन आवडाबाईकडून ती शिकली आहे. भाषा मी कागदावर उतरवली नाही, कारण कागद ओ देत नाही. माझ्यामागे आवडाबाई बोलेल तेव्हा समोरून उत्तर यावे, एवढीच माझी काळजी आहे. शालूने रोज तिच्यापाशी बसावे.

येथवर जमलेल्या सर्वांना वाचून दाखवल्यावर लेखनिक रघु दिघे यांनी घर घेणारीची ओळख लिहिण्यासाठी आवडाबाईस नवऱ्याचे नाव विचारले. बाईमाणसाने अशा वेळी दुसऱ्याकडे बोट दाखवायचे असते. तिने पदर सावरला आणि सर्वांसमोर म्हटले, “झिव्को.”

परशुरामाने आ वासला. “म्हणजे ते मांजर—” एवढेच त्याच्या तोंडून निघाले, इतक्यात माजघरातून शालूचा आवाज आला, “सेकेर्को, जरा बाळाला घेता का?”

परशु म्हणजे कुऱ्हाड, आणि कुऱ्हाडीला यान सेकेरा म्हणत असे.

“ओ,” परशुराम म्हणाला, आणि निम्मा उठलासुद्धा. मग सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे त्याच्या ध्यानात आले. हे गेल्या दिवाळीपासून चालले आहे, असे शालूने आतूनच सांगितले.

वेडाचा मुद्दा येथे संपला. खालील सह्या हसू आवरल्यावर केलेल्या आहेत.

ठिकाण नौपाडा, ठाणे. शके १८०९, तारीख १८ फेब्रुवारी सन १८८८.

सही: जिवाजी धोंडदेव टिपणीस, ऊर्फ झिव्को

साक्ष: अल्फान्सो परेरा (व्ल्क आजपासूनच धरावे, अशी विनंती)

साक्ष: गुरुदत्त वैद्य

माझी हरकत नाही: परशुराम टिपणीस, ऊर्फ सेकेर्को (ऊर्फ बायकोने घालायला लावले)