किनाऱ्यापासूनचे अंतर

४ मार्च २०२४, सोमवार

अर्जुनी मोरगावला पोहोचलो. दरेकशाहून सकाळची गाडी, गोंदियाला बदल, पुढे दुसरी गाडी. वाटेत दोन्ही बाजूंना पळस फुललेला, मन खूश झाले. शाळा नववीत सुटली. त्यानंतर मिळेल ते काम केले, पण आवडीचे काम हे पहिलेच. रेझिनचा, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाचा, समुद्र ओतायला मी फोनवर बघून शिकलो. खरा समुद्र अजून पाहिलेला नाही.

मालकीण अनुसयाबाई आणि त्यांची सून रेणू घरीच ट्रे, घड्याळे, भिंतीवरच्या फळ्या करतात. मी नमस्कार केला. बाई माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "आधीचा पोट्टा आठ दिवसांत पळाला. तू कधी पळशीन?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

५ मार्च

कामाची खोली लहान. धूळ नको म्हणून खिडक्यांच्या फटी टेपने बंद केल्या आहेत. दोन भाग रेझिन, एक भाग ते घट्ट करणारे हार्डनर, हळूहळू ढवळायचे, म्हणजे बुडबुडे होत नाहीत. आधी गडद निळा, मग फिरोजी, मग किनाऱ्याची वाळू. शेवटी पांढऱ्या रंगाची रेघ ओढून तिच्यावर गरम हवा मारायची, की फेसाची जाळी उमटते. चाळीस मिनिटांत सगळे उरकावे लागते. पुढे रेझिन घट्ट होते आणि काहीच बदलता येत नाही.

पहिला ट्रे चांगला जमला असे मला वाटले. बाई म्हणाल्या, वाळू कंजुषासारखी टाकली. किनारा रुंद पाहिजे, माणूस उभा राहील एवढा.

९ मार्च

दुसऱ्या ट्रेमध्ये काळा ठिपका राहिला. मला फार लाज वाटली, कारण मी साचा तीनदा पुसला होता. ठिपका वर नाही, खोल आहे. पट्टीने मोजले, किनाऱ्यापासून अकरा सेंटीमीटर. पहिला ट्रे काढून पाहिला. त्यातही तोच ठिपका होता, पंधरा सेंटीमीटरवर.

बाई शिव्या देतील म्हणून मी घाबरून ट्रे दाखवला. त्यांनी ठिपक्यावरून बोट फिरवले आणि डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, "पाहून काय राहिला? दुसरा ओत."

१३ मार्च

तिसरा ट्रे. सात सेंटीमीटर. ठिपक्याला दोन हात आहेत.

शेजारच्या किराणा दुकानाचे मालक दुधरामजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मेलेल्याच्या घरी समुद्र ओतून राहिला का बे?" लोक हसले. नंतर त्यांनी सांगितले. बाईंचा मुलगा, रेणूताईंचा नवरा कैलाश दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर पुरीला समुद्रावर गेला आणि त्याला लाटेने ओढून नेले. प्रेत सापडले नाही. रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, असे सगळ्यांनी समजावले. बाईंनी पाने लोकांच्या अंगावर फेकली. माझा पोरगा पोहत आहे, म्हणाल्या, त्याला फक्त किनारा दिसत नाही.

१६ मार्च

चौथा. तीन सेंटीमीटर. तोंड दिसते. ते चांगले तोंड नाही.

रेणूताई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. कैलाश त्यांचे डोके न्हाणीतल्या टाक्यात दाबून धरायचा आणि आकडे मोजायचा. बाई बाहेर बसून तांदूळ निवडत असायच्या. "त्याले उतराले जागा देऊ नको, भाऊ," एवढेच म्हणाल्या.

१८ मार्च

बाईंनी दाराएवढी फळी आणली. उद्या ओतायची. माझी पिशवी आणि फोन त्यांच्या कपाटात आहेत, कुलूप लावून. मी मागितली तर म्हणाल्या, "आधी किनारा. मंग जा मसणात."

मी ठरवले आहे. किनारा देणार नाही. समुद्र नुसताच राहील, तो पोहत राहील.

१९ मार्च

११.१० — फळीच्या चारही कडांना टेपचा बांध घालून ओतले. या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणी. वाळू नाही.

११.२० — बाईंनी पाहिले. थोबाडीत मारली. वाळूचे पोते आत ढकलून बाहेरून कडी लावली. वाळू टाकली की दार उघडणार. रेणूताईंचा आवाज येतो, रडण्याचा —

११.३० — तो आला. मधोमध. हात मारतो आहे.

११.४० — बाई आता ओरडत नाहीत. दाराला तोंड लावून विनवतात. "माहं लेकरू थकून गेलं रे. मूठभर टाक ना." मी पोत्यावर बसलो आहे. टाकणार नाही.

११.५२ — घट्ट झाले. काडी रुतत नाही. आता काही बदलत नाही. वाचलो. रेणूताई वाचल्या.

११.५७ — थांबला नाही. घट्ट रेझिनच्या आत — चारही कडांना जाऊन येतो. शोधतो.

१२.०१ — वर पाहिले. माझ्याकडे.

किनारा नाही म्हणून — कोरडी जागा आता फक्त ही खोली. मीच त्याचा किनारा —

माझ्याकडच्या कडेपासून अंतर पाच सेंटीमीटर. तीन. मागे भिंत.

कडेची टेप सुटली. बोटे. माझा सदरा धरला, आकडे मोजतो, हळू — एक — दोन —

बाहेर कडी वाजते. बाई नाही — रेणूताईंच्या बांगड्या — मला सोडवायला —

ताई, दार उघडू नका, तो