माझी बेस आहे तशी परत पाठव

प्रिय मार्सेलस,

पत्र हातात पडेल तेव्हा उभा असशील तर उभ्यानंच वाच. कॉफी ओतून घेऊन आरामात वाचायचं हे पत्र नाही. माझी बेस गिटार कुठं आहे? कपाटात ठेवली असशील तर काढ. तुझ्या त्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं दिली असशील तर आत्ता जा आणि त्याच्या हातातून काढून घे, त्यानं तारांना पक्कड लावायच्या आत. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या रविवारी आपल्या नेबो सिस्टर्सचा, आईच्या चर्चमधल्या गाण्याच्या संघाचा, वार्षिक कार्यक्रम आहे. तोवर ती बेस माझ्या गळ्यात नसली तर आई गाणार नाही. ती रागानं म्हणते म्हणून नाही, तिला गाताच येणार नाही. का ते सांगते, पण आधी माझं डोकं थंड होऊ दे. लिहिण्यात चुका असतील तर असू देत. मी सहावीतून कापसाच्या शेतात गेले, तू कॉलेजात गेलास. तू अर्थ लावून घे.

ऑगस्टात लॉस एंजेलिसहून प्रार्थना-सप्ताहाला आलास, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. दोन दिवस खाण्यापिण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात माशांची पोटं फाडत उभी होते, आणि तू माझ्या खोलीत शिरून माझी बेस उचललीस आणि विमानतळावर गेलास. पलंगावर ती नवी ठेवलीस, वर लाल रिबीन. चिठ्ठी काय, तर "ओझेला, जुनीला आता विश्रांती दे, तुला शोभेल अशी आणलीय." अरे, शोभायला मी काय लग्नाला उभी आहे? पन्नाशीला आले मी. चोर आला असता तर परवडलं असतं, त्याला निदान माहीत असतं की आपण चोरी करतोय. तुझं तसं नाही. तू माझं उचलून नेलंस आणि वर मी आभार मानावेत म्हणून फोनजवळ बसून राहिलास.

आता त्या नव्या बाईसाहेबांचं ऐक. पाच तारा. मला चार पुरतात, त्यातलीही एक मी क्वचित वाजवते, पाचवी काय कपडे वाळत घालायला? लाकूड असं चकचकीत की श्रीमंताच्या शवपेटीचं झाकण वाटावं. पुढं बटणं किती तर मी मोजायची सोडून दिली. आईच्या मागं गाणाऱ्या आपल्या व्हर्डेलनं उलटी करून बघितली आणि म्हणाली, "ओझेला, यात भांडी पण घासून निघतात का गं?" आणि पाठीत बॅटरी! बेसच्या पाठीत बॅटरी, मार्सेलस. बॅटरी टॉर्चला लागते. हे तू मला सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, सगळ्या जगाला ठाऊक असतं.

माझी ती कशी आली ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागलास. चुलतभाऊ ओथा सैन्यात गेला आणि आईच्या गायकीमागं बेस धरायला कुणी उरलं नाही. ग्रीनवुडला गहाणवस्तूंच्या दुकानात ती खिडकीत टांगलेली होती. काळी, चार तारा, दोन बटणं, संपलं. मी सोळा वर्षांची. चर्चचे कारभारी डीकन सिम्स भर चर्चमध्ये म्हणाले, "बाईच्या जातीच्या पोटावर ते धूड बरं दिसत नाही." आई माइकसमोर उभी होती, तिथूनच म्हणाली, "तिच्या पोटाचं मी बघते, डीकन, तुम्ही तुमच्या पोटाचं बघा." त्यांचं पोट तेव्हा बाकावर बसलं की मांडीवर यायचं. हसून हसून बायांच्या हातातले पंखे थांबले. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही.

आणि तारा. तुझ्या जन्मानंतर मी त्या एकदाच बदलल्या, तू रांगत होतास तेव्हा. मग कधीच नाही. घाम, मटणाची चरबी, पावडर, माशाचं तेल, सगळं त्यात मुरलंय. तू म्हणशील घाण आहे. बिडाच्या तव्याला तू साबण लावतोस का? लावत असशील तिकडं, तुझा भरवसा नाही. नवीन तार कशी वाजते तर मोरीत चमचे सांडल्यासारखी, आणि वाजून झाली तरी किणकिणत राहते, दारात उभं राहून बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखी. माझी तार काय करते? धप्प. बोलली, गप्प बसली. पुढच्या धप्पला जागा सोडली. तारांवरच्या झाकणाखाली भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा आहे, तोही ओथानंच शिकवलेला. तो स्पंज जर त्या दुरुस्तीवाल्यानं कचरा म्हणून टाकला असेल ना, तर मी बसमध्ये बसून लॉस एंजेलिसला येईन, आणि मग तुझ्या शेजाऱ्यांना कळेल तुझी बहीण कोण आहे ते. त्याच बेसवर तू शिकलास. चरबीच्या रिकाम्या डब्यावर बसायचास, बेस तुझ्यापेक्षा उंच, आणि बोटं सोलली की माझ्या परकराला पुसायचास. आज मोठमोठ्या गायकांच्या मागं बेस घेऊन उभा राहतोस, चांगलं आहे, मी सगळ्या कारखान्याला सांगते. पण ती तुझी जुनी आठवण नाही भिंतीवर टांगायला. ती माझी कामाची वस्तू आहे.

फोनवर तू काय म्हणालास? "अगं झेला, मी बेसच्याच भल्यासाठी करतोय. तारा बदलतो, आतली घाण काढतो, नवी करून काचेच्या कपाटात ठेवतो, अशा बेस आता मिळत नाहीत." मिळत नाहीत म्हणून कपाटात? मग मलाही ठेव की. मी फोन आपटला तो यासाठी. आणि त्याआधी तू तुझं ते रडगाणं लावलंस की आई फोनवर येत नाही, ऑगस्टात आलो तेव्हाही माझ्याशी धड दोन वाक्यं बोलली नाही, मी बोलायला लागलो की उठून स्वयंपाकघरात गेली, मी चर्च सोडून क्लबात वाजवतो म्हणून तिनं मला मनातून काढून टाकलंय. खरं कारण मला ठाऊक होतं. बोलायला मला बंदी होती.

आता गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारचं सांगते. मी म्हटलं, आणलीय भावानं एवढ्या प्रेमानं, वाजवून तर बघू. चर्च भरलेलं. पास्टर रिकेट्स त्या दिवशी फॉर्मात होते. तुला माहीतच आहे, उपदेश करता करता त्यांचं बोलणं गाणं व्हायला लागतं, तेव्हा बेसनं आधी त्यांचा सूर शोधायचा, मग बाकीच्यांनी यायचं. मी सूर शोधला. लोक उठले. मग आई उभी राहिली, व्हर्डेल आणि लुवेनिया तिच्या मागं, आणि आईनं तेच गाणं उचललं, ती दरवेळी उचलते ते. आणि मार्सेलस, ती चुकली. आई! जिला झोपेतून उठवून गायला लावलं तरी सूर सापडतो, ती अर्धा सूर वर लागली. ठेक्याच्या पुढं पळाली. व्हर्डेल तिच्या मागं धावतेय, मी बेसवर घाम गाळतेय, बटणं फिरवतेय, आणि ती बेस नुसती घोंगावतेय, एक आवाज दुसऱ्यात मिसळलेला, पातळ झालेल्या रश्श्यासारखा. आणि ऐन भरात बॅटरी संपली. एकदम काही नाही. माझी बोटं चालताहेत आणि आवाज नाही. ड्रमवाला गडबडून थांबला. आई ओळीच्या मधोमध थांबली, तोंड उघडं तसंच राहिलं, आणि ती खाली फरशीकडं बघत राहिली, हातातलं काही पडल्यासारखी. पाठीमागच्या बाकावर दोन पोरी फिदीफिदी हसल्या. पांढऱ्या हातमोज्यातल्या सेविका आल्या, आईला धरून खाली बसवलं, वारा घालायला लागल्या. तिला काही झालं नव्हतं रे. तिला त्या पंख्याचा राग आला होता, ते मला दिसत होतं.

चर्च सुटल्यावर पास्टर माझ्याकडं आले. वयानं लहान आहेत आपल्यापेक्षा, वाईट नाहीत, पण ते मऊ बोलायला लागले की माझ्या कपाळाची शीर उडते. म्हणाले, "सिस्टर ओझेला, तुमच्या आईंनी, मदर टॉलिव्हर यांनी, खूप वर्षं सेवा केली. वार्षिक कार्यक्रमात आपण त्यांना पुढं मानाच्या खुर्चीवर बसवू, फुलं देऊ. मुख्य आवाज व्हर्डेलनं लावावा." फुलं द्यायची म्हणे! जिवंत बाईला फुलं देऊन गप्प बसवायचं. मी म्हटलं, "पास्टर, फुलं तुम्ही तुमच्या टेबलावर ठेवा, आई गाणार आहे." तर म्हणाले, "मग तिसऱ्या रविवारी ऐकूया. त्या दिवशी असंच झालं तर आपण पुन्हा बोलू." म्हणजे ती शेवटची परीक्षा, कळलं? बाहेरगावचे संघ येणार आहेत त्या दिवशी, मेंफिसहूनसुद्धा. व्हर्डेल बिचारी मागच्या अंगणात बसून रडली. म्हणाली, "मी आँटीच्या जागी उभी राहिले तर माझे पाय तिथंच जळतील." तेव्हापासून आई सरावाला आलेली नाही. पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलते. मी विचारलं तर म्हणते, "तुमचं तुम्ही बघा." चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी हातावर हात धरून बसले नाही. नव्या बेसच्या तारांखाली पायमोजा कोंबला. बॅटरी नवी घातली. शेजारच्या चर्चची बेस मागून आणली, ती पण तसलीच, नवीन तारांची, चमचे सांडणारी. दोन्ही वेळा आईला कसंबसं चर्चमध्ये नेऊन उभं केलं, फक्त ती आणि मी, दार लावून. दोन्ही वेळा तिनं एक कडवं म्हटलं आणि मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाली, "ती कुठं गेलीय?" मी म्हटलं, मार्सेलसकडं. ती एवढंच म्हणाली, "त्याला आवडायचीच ती," आणि शाल घेऊन घरी चालायला लागली. तुझ्यावर एक अक्षर रागावली नाही. म्हणून तिच्या वाटचं मी रागावतेय.

आता जे सांगायचं नाही म्हणून तिनं मला बायबलवर हात ठेवायला लावला होता ते सांगते, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. आईला ऐकू येत नाही. पाचेक वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग बायकांचं आणि पोरांचं बोलणं. डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज आधी जातात, जाड सगळ्यात शेवटी. उरलंय ते तेवढंच, जाड. मी, व्हर्डेल आणि लुवेनिया, आम्ही तिघी सोडून कुणाला पत्ता नाही. तुला सांगितलं तर तू तिला उचलून तिकडं नेशील, डॉक्टर करशील, आणि तिचं चर्च सुटेल, म्हणून तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं. ती गाते तेव्हा बूट काढते, लोकांना वाटतं पवित्र जागा म्हणून. ती माझ्या स्पीकरला लागून लाकडी फळीवर उभी राहते, तळव्यातून माझा ठेका घेते आणि उरलेल्या कानातून माझा सूर. माझी ती मेलेल्या तारांची बेस धप्प म्हणून थांबते म्हणून तिला कळतं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं. त्यात ना किणकिण ना घोंगावणं. पाच वर्षं ती त्या एका बेसच्या आधारानं उभी आहे आणि ती तू घेऊन गेलास. ती फोनवर येत नाही, कारण फोनमध्ये तिच्यासाठी काहीच नसतं. तिनं तुला मनातून काढलं असतं तर टीव्हीवर तुझा कार्यक्रम लागला की आवाज शून्य असतानाही दोन तास समोर बसून तुझी बोटं बघितली नसती. तेव्हा तारांना हात लावू नकोस, स्पंज काढू नकोस, पुसूसुद्धा नकोस. टपालानं पाठवू नकोस, फेकाफेक करतात. तू स्वतः घेऊन ये, तिसऱ्या रविवारच्या आधी. आणि ती झुपकेदार मिशी काढून ये. ऑगस्टात आई तुझ्या तोंडाकडं बघत बसायची, तुझे ओठ दिसायचे नाहीत, तू काय बोलतोस ते कळायचं नाही, म्हणून ती उठून जायची.

तुझीच चिडलेली बहीण,
ओझेला