समोरून दिलेला खो

फिंतास, कुवेत
४ नोव्हेंबर २०२४

ती. श्यामलाआत्यास,
राजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. बाबा जाब्रियाच्या इस्पितळात तसेच पडून आहेत. डोळे उघडे, पण नजरेत ओळख नाही. मेंदूच्या झटक्यानंतर आत काही उरलेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. नीरजदादा आणि मी उशाशी बसून असतो. विमानाने सांगलीला आणावं, तर वाटेतच जाण्याची भीती. ते आपल्याला ओळखतात एवढं जरी कळलं, तरी मी धोका पत्करीन. तुझे गुडघे कसे आहेत? चार ओळी लिही, आधार वाटतो.

तुझी राजश्री

सांगली
७ नोव्हेंबर

चि. राजश्रीस अ. उ. आ.

गुडघ्यांचं सोड, ते माझ्याआधी म्हातारे झाले. डॉक्टरांनी तुझ्या बाबाला, आमच्या लखूला, विचारलं कशात, इंग्रजीत? त्याला तो शाळेतल्या खो-खोचा जुना सिनेमा लाव, गाण्यांचा. त्यात हिरो हिरॉइनकडे बघत, गाणं म्हणत, बसलेल्या गड्याला समोरून खो देतो. खो पाठीमागूनच द्यायचा असतो. सिनेमाच्या तंबूत सगळे हसायचे आणि लखू, आमच्या शाळेच्या संघाचा कॅप्टन, उभा राहून ओरडायचा, फाऊल! पुढे टीव्हीवर लागला तरी तेच. तो आत असेल तर गप्प बसायचा नाही. मन घट्ट ठेव आणि लगेच कळव.

श्यामलाआत्याचे आशीर्वाद

फिंतास
९ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

सिनेमा मोबाइलवर सापडला. काल लावला. ड्रिल मास्तर शिट्टी गिळतात तिथे दादा हसला, बाबा नाही. मग ते गाणं आलं. समोरून खो दिला आणि बाबांचा डावा हात चादरीवरून उठला. आवाज फुटला नाही, पण ओठ 'फाऊल'चेच. गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा हात उठला.

तू जिंकलीस. बाबा आत आहेत. त्यांना सांगलीला आणतोय.

पण आत्या, ते पहिल्यापासूनच आत असणार. आणि आम्ही दोघं आठवडाभर त्यांच्या उशाशी बसून बोलत होतो, की मृतदेह न्यायला वकिलातीत कोणते कागद लागतात, पेटी कुठे मिळते, बाबांच्या खोलीत भाडेकरू कधी ठेवायचा. अजून किती दिवस चालणार हे, असंही दादाने विचारलं होतं. मराठीत, मोठ्याने.

गाणं संपलं. मी मोबाइल बंद केला. बाबा आमच्याकडे बघत होते आणि हात अजून वरच होता.

तुझी माया मागायलाही आज धीर होत नाही.

राजश्री