टीम आली बिनविरोध

मु. पो. कळस, ता. इंदापूर

तीर्थरूप विजयसिंह दाजींना नागेशचा दंडवत. गुडघ्याचं कसं काय? मोरगावच्या हवेला गुडघा बरा होतो म्हणतात, पण तुम्ही चालाल तर ना! आक्काला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली, बरणी सावकाश पाठवतो.

आता नीट वाचा. मागे बारशात चारचौघांत तुम्ही म्हणालात, नागेशला माणसं सांभाळता येत न्हाईत. झोंबलं होतं, दाजी. म्हणून या डाळिंबाच्या पॅकहाऊसचा मॅनेजर म्हणून मी काय करून दाखवलं ते सविस्तर कळवतो.

आमच्याकडं डाळिंबं निवडणाऱ्या बाया टिकत नाहीत. आज एक जाते, उद्या दुसरी. मालक म्हणाले, या हंगामात एक जरी बाई गेली तर तिच्या मागोमाग तू. मी म्हटलं, मालक, बायांत उत्साह नाही, एकी नाही, बाकी अडचण काही नाही. पुण्याहून मिहिर सर म्हणून प्रेरणा देणारे तज्ज्ञ आणले आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना टेम्पोत घालून पळसदेवला, उजनीच्या काठावर नेलं. (घरची धुणी राहिली अशी कुरकुर झाली. मी हसण्यावारी नेली.)

सरांनी पहिलाच खेळ सांगितला, दहा मिनिटांत आपला लीडर निवडा. अरे देवा! आमच्या तालुक्यात 'निवडा' हा शब्द असा मोकळेपणी काढतात का कुणी? बघता बघता दोन पॅनेल पडली. एकाचं चिन्ह कपबशी, दुसऱ्याचं शिट्टी (सरांच्याच गळ्यातली). बानूबाईनं लगोलग नाराज गट काढला. शिट्टीवाल्यांनी काठावरच्या दोन मतदार टेम्पोत घालून भिगवणला मासे खायला पळवल्या, सहलीतून सहल! कपबशीवाल्यांनी उरलेल्यांना देवळात नेऊन भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. सर विश्वास, विश्वास म्हणत काठाकाठानं पळत होते. त्यांना निवडणूक अधिकारी करून खुर्चीत बसवलं तेव्हा कुठं गप्प झाले.

शेवटी मी हात घातला. कारखान्याच्या निवडणुका बघत वाढलोय, दाजी! बानूबाईला उपलीडर केलं, बाकीच्यांच्या माघारी घेतल्या आणि तुमच्या चुलती कुशाबाई बिनविरोध! गुलाल नव्हता, भंडाऱ्यावर भागवलं. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं (भंडारा गेला असेल).

मग मी 'आपण एक कुटुंब' छापलेले टी-शर्ट वाटले. कुशाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुटुंब हाय, तर लेकीबाळींना रोज अंधारात चालत का धाडता? संध्याकाळी घरी सोडाय गाडी द्या. दुसरं कायबी नगं." मी सांगितलं, मावशी, आज मागण्यांचा दिवस नाही, आज प्रेरणेचा दिवस आहे. आणि टाळी वाजवली. माझ्या एकट्याचीच वाजली, पण जोरात वाजली.

परिणाम तर विचारूच नका. पूर्वी एकेक सुटी बाई जायची. आता सोमवारी सगळ्या एकजुटीनं भिगवण रस्त्यावरच्या नव्या पॅकहाऊसला गेल्या, अंगात आमचेच टी-शर्ट! एकही फुटली नाही. याला म्हणतात टीम. सांगा आता, माणसं सांभाळता येतात का नाही?

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुमचा,
नागेश

ता. क. : मालकांनी मला मोकळं केलं. आक्काला इतक्यात सांगू नका, ती रडेल. मलाही जड जातंय, खरं सांगतो.

ता. क. २ : नव्या पॅकहाऊसला सुपरवायझर घ्यायचाय. तिथला मालक म्हणतो, बायांना विचारून घेऊ. म्हणजे कुशाबाईंना. दाजी, तुमची चुलती आहे, शब्द टाका. तिनं विचारलं, नागेशला जमंल का, तर काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त बारशातलं सांगू नका.

ता. क. ३ : मोटारसायकल जुन्या मालकांची होती, ती गेली. तेवढं विचारा, बायांना घरी सोडणाऱ्या तिथल्या गाडीत कळसपर्यंत एक जागा हाय का. संध्याकाळी रस्त्याला कुत्री फार असतात.