मिनिटाला तीस शब्द

९ जून
साहेबांनी आज परत टोकलं. "वहिनी, टायपिंगचं सर्टिफिकेट पंधरा मार्चच्या आत द्या. नाहीतर मला वर कळवावं लागेल." वर म्हणजे अलिबागला, जिल्ह्याच्या ऑफिसात. आणि कळवलं की नोकरी गेली. हे गेल्यावर अनुकंपावर ह्यांच्याच खुर्चीत बसले, त्याला तेव्हा दोन वर्षं होतील, मुदत तेवढीच. इतके दिवस झाले तरी ऑफिसात मला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळ्यांची वहिनीच. मराठी तीसची परीक्षा म्हणे, मिनिटाला तीस शब्द. या वयात!

१२ जून
क्लास दोन. एक इथे श्रीवर्धनच्या बाजारात, एका मॅडमचा. दुसरा म्हसळ्याला, खतीब सरांचा, एसटीने जा-ये. आज मॅडमकडे जाऊन सगळं विचारून आले. वेळ संध्याकाळची, बायका बऱ्याच, कॉम्प्युटर नवे, एसी आहे. खतीब सर फार कडक, असं ऐकलंय. ऋतू म्हणाली, "आई, जवळचा घे ना. म्हसळ्याला गेलीस तर रोज आठला घरी येणार, मग माझं दहावीचं कोण बघणार?" तिचं बरोबर आहे. जवळचा घेतला.

१ ऑगस्ट
मजा येतेय, खोटं कशाला लिहू. इंग्रजी अक्षरं दाबायची, समोर मराठी उमटतं. ऑफिसातही सगळे असंच करतात. आमचे हेडक्लार्क पेडणेकर मागे येऊन उभे राहिले. "न्हाय हो वहिनी, विनायकरावांपेक्षा तुमचा हात फास्ट हाय." बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं. ह्यांना माझ्याकडून हरायला आवडलं नसतं.

१८ ऑक्टोबर
मिनिटाला चौतीस. आज शिरा केला.

२७ नोव्हेंबर
परीक्षेचा फॉर्म मागितला तर मॅडम म्हणाल्या, तो आपल्याकडे नसतो, म्हसळ्याला मिळेल. अर्धी रजा टाकून गेले. खतीब सर साठीचे, शांत आवाज. म्हणाले, "बसा, चार ओळी टाइप करून दाखवा." मी ऐटीत बसले. के दाबला तर काना उमटला. परत दाबला, परत काना. मला वाटलं मशीन बिघडलं. "बाई, परीक्षेचा कीबोर्ड हाच. जुन्या टाइपरायटरचा. तुम्ही शिकलात ते ऑफिसला चालतं, परीक्षेला नाही."
एसटीत रडले. शेजारची बाई काय झालं म्हणाली. काय सांगणार? काना उमटला म्हणून?

२८ नोव्हेंबर
मॅडमशी भांडायला गेले. "ताई, तुम्ही परीक्षेचं बोललाच नाहीत. टायपिंग शिकायचंय म्हणालात, शिकवलं." खरंच की. एसी आहे का ते विचारलं. बोटं कुठे ठेवायची, हे विचारायचं सुचलं नाही. गाढव मी.

२० डिसेंबर
रोज म्हसळा. मिनिटाला नऊ. बोटं ऐकत नाहीत, पाच महिन्यांची सवय आहे त्यांना. उलट आता ऑफिसातही चुका व्हायला लागल्या. काल एका पत्रात तालुक्याचं नावच वाकडं टाइप केलं. साहेबांनी लाल रेघ मारून परत दिलं.
घरी आले तर ऋतू गणिताच्या वहीवर डोकं ठेवून झोपलेली.

१४ जानेवारी
संक्रांत. कुणाकडे गेले नाही. मिनिटाला बारा.

२३ जानेवारी
परीक्षेची तारीख लागली. मार्चअखेर. माझी मुदत पंधरा मार्चला संपते. म्हणजे पास झाले तरी उशीरच. पेडणेकर म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज करा. मिळते का? "आजवर तर कुणाला मिळालेली बघितली न्हाय. पण करा."

३० जानेवारी
खतीब सरांनी आज मशीनवरून उठवलं. "हे मार्चपर्यंत होणार नाही, बाई. खोटी आशा देत नाही." मग फॉर्म पुढे सरकवला. मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस. सरांनी आमच्या खात्यात फोन करून विचारलं होतं, दोन्ही चालतं. "इंग्रजीची अक्षरं तुमच्या बोटांना पाठ आहेत. तेवढंच हातात आहे."
मी दहावीला इंग्रजीत दोनदा नापास. तसं सांगितलं. म्हणाले, "उताऱ्याचा अर्थ कुणी विचारत नाही." उतारा टाइप केला. मिनिटाला बावीस शब्द, चुका एकोणीस. कशाबद्दल होता, काही कळलं नाही.

६ फेब्रुवारी
इंग्रजीवर खूण करून फॉर्म दिला. बरोबर केलं की परत तीच चूक, कळत नाही.
दुपारी मुदतवाढीचा अर्ज ऑफिसच्या मशीनवर टाइप केला. मराठीत, मॅडमकडे शिकले तसा. दीड पान, बघता बघता झालं. साहेबांनी दोनदा वाचला. "कोणाकडून टाइप करून घेतलात? एक चूक नाही."
"मीच केला."
त्यांनी अर्जावर सही केली. मग म्हणाले, "सोबतच्या कागदांची यादी राहिली, तीही टाका."
यादीत पहिलं नेमणुकीचं पत्र, दुसरा ह्यांचा मृत्यूचा दाखला, तिसरं टायपिंगचं सर्टिफिकेट. त्याच्यापुढे मी 'नाही' टाइप केलं आणि अर्ज अलिबागच्या टपालात टाकला.