वधूंच्या यादीत अविराज

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे डेव्हलपर लिहितात म्हणे. भवानीनगरच्या म्हाळसाकाकूंच्या वधू-वर केंद्राची वेबसाइट मला मिळाली. स्थळांची यादी, वर फिल्टर: वय, गाव, शिक्षण, उंची. काकू म्हणाल्या, ज्याला जे पायजे तेवढंच दिसू दे. म्हणालो, दोन दिवसांत करतो. केंद्राचा फोन त्यांची भाची वैष्णवी घेते. एम.कॉम. तिच्यासाठीही बघतायत. मी आपलं सहज विचारलं.

५ नोव्हेंबर
उंचीनं घात केला. ५'४ मधली ती वरची टिकली आली की कोड समजतो, वाक्य संपलं. लगेच अख्खी यादी गायब. चूक माझी नाही, फुटांची. काकूंना सुचवलं, सेंटिमीटरमध्ये घेऊ. म्हणाल्या, पोरगं हाय का कापड? उंचीचा फिल्टर काढून टाकला. साइट हलकी झाली.

६ नोव्हेंबर
माझंही स्थळ टाकलं. फोटो वजन उतरल्यावर टाकू. वैष्णवीनं मुलं शोधताना कुठलीही अट लावली तरी मी दिसलोच पाहिजे, म्हणून प्रत्येक अटीच्या शेवटी बारीकसं 'किंवा नाव अविराज' जोडलं. टेस्ट केलं नाही. गरजच वाटली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
साइट सुरू. वैष्णवीचा स्वतःहून फोन! म्हणाली, सर, तुमी मुलींच्या यादीत दिसताय. गाव टाका, शिक्षण टाका, सगळ्यात वर तुमीच. कंस राहिला असणार, म्हणून माझं 'किंवा' मुलगा की मुलगी हेही बघत नाही. तिला ब्राउझर बंद करून चालू करायला सांगितलं. कंस सोमवारी टाकू. फोन तिनं केला, हे महत्त्वाचं.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच दारात जीप. कोऱ्हाळ्याचे महिपतीआबा, मुलगा शंभूराज आणि जीपभर पाहुणे. मुलगी बघायला. पत्ता साइटवरून मिळाला. आई चक्रावली, पण पाहुणे ते पाहुणे, पोहे टाकले. ट्रे घेऊन मीच बाहेर आलो. आबांनी विचारलं, मुलगी कुठं हाय? म्हणालो, यादीप्रमाणं मीच. आबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, नाव जरा भारदस्त वाटलं व्हतं, पण हल्ली पोरींची कायबी नावं ठेवत्यात. त्यांच्या आत्याला ऐकू कमी येतं. तिनं स्वयंपाक येतो का विचारलं. गडबडीत व्हय म्हणालो.
आईनं फोन केला, तशा माफी मागायला म्हाळसाकाकू धावत आल्या. सोबत वैष्णवी. घोळ कसा झाला ते शंभूराजनं तिलाच विचारलं. मी होतो की समोर. तिनं सांगितलं, तो हसला, मग तीही हसली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मुलगा समजायला जरा मंद वाटला.

१० नोव्हेंबर
कंस टाकला. साइट उत्तम. वैष्णवीला तसा मेसेज केला. उत्तर नाही. कामात असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
भवानीनगरात सुपारी फुटली. वैष्णवी आणि शंभूराज. माझ्या साइटवरून जुळलेलं पहिलं लग्न! आबांनी सगळ्यांसमोर मला टॉवेल-टोपी दिली. मग वैष्णवी जवळ आली. आज सर म्हणाली नाही, अवीदादा म्हणाली. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो आणि तिला भाऊ न्हाय. तेवढं तुमीच उभं राहा, म्हणाली.
मान मोठा असतो. हो म्हणालो.